रावकाकांचा हात

क्लच बदलल्यावर गाडी थरथरते, हे आधी गंधारच्या लक्षात आलं, माझ्या नाही. मी त्या गाडीत फारशी बसतच नसे.

गंधार माझा नवरा. नुंगंबाक्कमला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. आम्ही दोघं सांगलीचे, लग्नानंतर चेन्नईला आलो त्याला सहा वर्षं झाली. तिसऱ्या वर्षी त्याने एका डॉक्टरांकडून ही गाडी घेतली. दोन सीटची, लाल, बाहेरच्या देशातून आणलेली, चौदा वर्षं जुनी. सामान ठेवायला जागा नाही, रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा पाठीला कळणार. रविवारी पहाटे तो ती घेऊन महाबलीपुरमच्या रस्त्याला जायचा आणि इडली खाऊन परत यायचा. त्याचं तेवढंच एक वेड होतं, म्हणून मी बोलत नसे.

माझं काम गाड्यांचंच. ओरगडमजवळ एका मोटार कंपनीचं चाचणी केंद्र आहे, तिथे मी आवाज आणि कंपनं यांच्या विभागात इंजिनिअर आहे. कुठली थरथर कुठून येते, हे शोधायचं. दिवसभर तेच. त्यामुळे गंधार म्हणाला, "इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या वर गेलं की सीटखाली मुंग्या येतात. तू एकदा बसून बघ," तेव्हा मी म्हटलं, "आधी रावकाकांना दाखव. क्लच त्यांनी घातलाय."

रावकाका म्हणजे सेतुमाधव राव. वेस्ट मांबलममध्ये आमच्या फ्लॅटपासून दोन गल्ल्या सोडून, दोन इमारतींच्या मधल्या जागेत त्यांची पत्र्याची शेड होती. वय एकसष्ट. तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला आलेल्या मराठी कुळातले. आमची ओळख झाली ती भांडणातून. गाडी कुठे लावायची यावरून मी आणि गंधार रस्त्यात वाद घालत होतो, तर गाडीखालून आवाज आला, "तुम्ही भांडता ते मज समजतें हं." त्यांची मराठी अशीच. आपण 'मी केलं' म्हणतो तिथे ते 'मी केलों' म्हणत, आणि अडलं की सरळ तमिळमध्ये शिरत. त्यानंतर महिन्यातून एकदा तरी त्यांच्या घरी जेवण ठरलेलं. प्रमोदिनीकाकू, त्यांची बायको, मला बघितलं की आधी पान मांडायच्या आणि मग काय काम आहे ते विचारायच्या.

काकांची ख्याती त्यांच्या हाताची होती. चालू इंजिनवर तळवा ठेवायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, दुसऱ्या सिलिंडरमध्ये गडबड आहे, किंवा पाण्याच्या पंपाचं बेअरिंग जातंय. लांबून लोक त्यासाठी येत. मी स्वतः एकदा आमच्या केंद्रातलं यंत्र लावून त्यांचं निदान तपासलं होतं. ते बरोबर निघालं होतं.

गंधार गाडी घेऊन गेला. काकांनी एक चक्कर मारली, गिअरच्या दांड्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "काय नाहीं. नवा क्लच आहे, बसेल." आठवड्याने तो परत गेला. पुन्हा चक्कर, पुन्हा तेच उत्तर. गंधार घरी येऊन म्हणाला, "बहुतेक माझ्याच मनाचे खेळ असतील."

मग मी बसले. मनाचे खेळ नव्हते. तीन हजारच्या वर गाडीच्या तळातून एक बारीक, न थांबणारी थरथर येत होती. दात एकमेकांवर ठेवले तर दातांत कळायची.

मी केंद्रातून एक छोटा सेन्सर आणि लॅपटॉप आणला. बुधवारी संध्याकाळी इमारतीच्या खाली गाडी उभी करून आम्ही बघायला लागलो. गाडी जागेवर उभी, तरी फेऱ्या वाढवल्या की थरथर येत होती. म्हणजे चाकांचा आणि त्यांच्या दांड्यांचा दोष नाही. क्लच दाबून धरला, तरी तेवढीच. म्हणजे गिअरबॉक्सच्या आतलंही काही नाही. इंजिन ज्या रबरी पायांवर बसतं ते मी एकेक हलवून पाहिले, ते धड होते. लॅपटॉपवर एकच उंच रेघ दिसत होती. इंजिन एकदा फिरलं की एक धक्का. इंजिनच्या दांड्याला जोडून जे काही फिरतं, त्यातच दोष होता. तिथे फ्लायव्हील नावाची जड लोखंडी चकती असते आणि तिच्यावर बोल्टांनी बसवलेली क्लचची प्रेशर प्लेट. क्लच बदलताना उघडतात ते नेमकं हेच.

चकतीचा तोल गेला असेल, असं मी धरून चालले होते. पण गुरुवारी पुन्हा मोजलं तर आकडा वाढला होता आणि शुक्रवारी आणखी वेगळा आला. तोल गेलेला असेल तर तो रोज तेवढाच असतो. रोज बदलतं ते सैल असतं.

मी गंधारला म्हटलं, "आता ही गाडी चालवायची नाही. आतले बोल्ट सुटतायत. ती प्लेट वेगात निखळली तर पत्रा फोडून तुझ्या पायांवर येईल."

तो गाडीकडे बघत म्हणाला, "रावकाकांनी बोल्ट सैल ठेवले? काका?"

"उघडल्याशिवाय कळणार नाही."

शनिवारी सकाळी आम्ही गाडी हळूहळू, कमी फेऱ्यांवर, दोन गल्ल्या नेली. काका नाराज झाले, पण मला नाही म्हणाले नाहीत. गिअरबॉक्स खाली उतरवायला तीन तास लागले. शेडमध्ये त्या दिवशी आणखी एक गाडी होती, करड्या रंगाची, पुढचं चाक काढून जॅकवर चढवलेली. तिचे मालक प्लास्टिकच्या खुर्चीवर पेपर वाचत बसले होते. कृष्णकांत त्यांचं नाव. मूळचे जळगावचे, चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या संरक्षण कारखान्यात तीस वर्षं नोकरी करून तिथेच स्थायिक झालेले. बरोबर त्यांच्या पत्नी होत्या, अलकनंदाकाकू. ब्रेकचे पॅड बदलायला आले होते. एवढ्या लांब का, असं मी विचारलं, तर त्या हसून म्हणाल्या, "मराठीत भांडता येतं ना यांच्याशी, म्हणून." त्यांनी पिशवीतून डबा काढला आणि मला खानदेशी कळण्याच्या पुऱ्या दिल्या. मी त्या ग्रीसच्या हातांनीच खाल्ल्या.

गिअरबॉक्स खाली आला. प्रेशर प्लेटला सहा बोल्ट होते. मी पहिल्याला बोटं लावली. तो फिरला. पान्याशिवाय, नुसत्या बोटांनी. दुसराही. बाकीचे चार पान्याने तपासले, एकही पुरेसा घट्ट नव्हता. प्लेट ज्या खुंट्यांवर बसते त्यातली एक झिजून चमकत होती.

काका वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "मीच घट्ट केलों होतों, तनया. एकेक. ह्या हातानें."

"टॉर्क रेंच वापरला होता का, काका?" टॉर्क रेंच म्हणजे बोल्ट ठरलेल्या ताकदीपर्यंत आवळला गेला की 'टक्' असा झटका देणारा पाना.

"चाळीस वर्षांत कधी लागला नाहीं."

तो कपाटात होता, डब्यात, प्लास्टिकसुद्धा न काढलेला. मी तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी नवा बोल्ट लावला आणि आवळायला लागले. पाना टक् वाजला. मला दोन हातांवरून ऐकू आला. ते थांबले नाहीत. आणखी पाव फेरी, आणखी थोडं. मी म्हटलं, "झालं, काका, वाजला." ते म्हणाले, "वाजला काय? रस्त्याचा आवाज आहे." रस्त्यावर आवाज होताच. पण तो झटका नुसता ऐकू येत नाही. तळहातात बसतो.

तेव्हा मी त्यांच्या हाताकडे नीट बघितलं. अंगठ्यालगत भाजल्याचा मोठा फोड होता, फुटून वर काळं तेल बसलेलं. "हे कधी झालं?" मी विचारलं. त्यांनी हात उलटा करून बघितला, जणू दुसऱ्या कुणाचा असावा. "असेल. सायलेन्सर लागला असेल."

काकांसारखाच माझ्या आत्यालाही मधुमेह होता. तिला पायात खिळा गेलेला दोन दिवस कळला नव्हता. पायांतली आणि हातांतली जाणीव जाते, आणि अगदी आधी जाते ती कंपनं कळण्याची शक्ती. हे मला माझ्या कामामुळेही माहीत होतं.

मी बोल्ट स्वतः आवळले, सहाही. संध्याकाळी गिअरबॉक्स चढला, गाडी सुरू केली. तीन हजार, चार हजार, पाच हजार. काही नाही. गंधारने माझ्या पाठीवर थाप मारली. मग मी एक गोष्ट केली जी मला करायला नको होती, किंवा करायची तर पुरती करायला हवी होती. शेजारी एक जुनी रिक्षा आळसावलेली धडधडत उभी होती, तिच्या पत्र्यावर काकांचा हात ठेवला आणि शेजारी माझा. माझा तळवा बधिर व्हायला आला. मी विचारलं, "कळतंय का काका, किती हलतंय?"

ते डोळे मिटून उभे राहिले. पूर्वी राहायचे तसेच. "मऊ चालते आहे," ते म्हणाले.

मी काही बोलले नाही. आम्ही निघालो तेव्हा ते कृष्णकांतरावांच्या गाडीच्या चाकाशी उकिडवे बसले होते, हातात साधा पाना. अलकनंदाकाकूंनी मला हात केला.

घरी जाताना मी गंधारला सांगितलं. त्याने गाडी कडेला घेतली. मग म्हणाला, "हे त्यांना तू सांगणार? त्यांच्याकडे हाताशिवाय दुसरं काय आहे? शेड बंद करतील उद्या."

"मग?"

"काकूंना सांग. त्या डॉक्टरकडे नेतील. हळूहळू होऊ दे."

मला ते पटलं. पटायला सोयीचं होतं.

रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. काकूंनी पान मांडलं. मी विचारलं, काकांची साखर कशी आहे? त्या म्हणाल्या, "गोळी घेतो, गे. डॉक्टराकडें येत नाहीं. म्हणतो, मज काय झालें?" मी म्हणणार होते. तोंडात वाक्य तयार होतं. तेवढ्यात काका आतून आले, शर्ट बदललेला, कपाळाला गंध, आणि काकूंना म्हणाले, "ही पोर काल माझी चूक शोधली. चाळीस वर्षांत पहिली. शहाणी आहे." ते रागावलेले नव्हते. मला खाली बघवेना आणि वरही बघवेना.

मी एवढंच म्हटलं, "काका, यापुढे तो टॉर्क रेंचच वापरा. प्रत्येक बोल्टला."

"सरी," ते म्हणाले. बरं.

मी जेवले आणि घरी आले. पुढच्या रविवारी सांगू, असं ठरवलं. पुढच्या रविवारी केंद्रात काम निघालं. त्याच्या पुढच्या रविवारी आम्ही सांगलीला गेलो. खरं सांगायचं तर सवड होती. फोनसुद्धा होता.

पाच आठवड्यांनी, एका मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमाराला काकूंचा फोन आला. त्या तमिळमध्येच बोलत होत्या, मला निम्मं कळलं. पोलीस शेडवर आले होते. आवडीहून पूंदमल्लीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आदल्या दिवशी करड्या रंगाची गाडी अचानक डावीकडे वळून उभ्या लॉरीच्या मागच्या बाजूला घुसली होती. गाडी चालवणारे वाचले, कंबरेचं हाड मोडलं होतं. शेजारी बसलेल्या बाई जागच्या जागी गेल्या.

मी केंद्राच्या जिन्यात बसून राहिले. कुणीतरी पाणी आणून दिलं.

तपासणाऱ्या मोटार निरीक्षकाने लिहिलं होतं की पुढच्या डाव्या चाकाचा ब्रेक धरून ठेवणाऱ्या दोन बोल्टांपैकी एक नाहीसा होता आणि दुसरा सैल होता. ब्रेकचा तो भाग फिरून चाकाच्या रिममध्ये अडकला, चाक जागेवर थांबलं, आणि गाडी त्या बाजूला ओढली गेली.

संध्याकाळी मी शेडवर गेले. काका खुर्चीवर बसले होते. पोलिसांनी दिवसभर बसवून ठेवलं होतं आणि उद्या परत बोलावलं होतं. मला बघून ते उभे राहिले. "तू आलीस, बरें झालें. तू इंजिनिअर. उद्या माझ्यासंगें येशील? त्यांस सांग, बोल्ट आपोआप सुटतात. खड्डे असतात. मी घट्ट केलों होतों. मज आठवतें."

"काका, बसा."

"मज आठवतें, तनया."

"तुम्ही घट्ट केला असेल. तुम्हाला तो घट्ट वाटला असेल. पण तुमच्या हाताला आता कळत नाही." मी थांबले. मग थांबणं बरोबर नाही, असं वाटून पुढे बोलत गेले. फोड, पाना, रिक्षाचा पत्रा, आत्याचा खिळा, सगळं. ते माझ्याकडे बघत नव्हते, आपल्या हातांकडे बघत होते. बोटं एकमेकांवर घासत होते.

मग त्यांनी विचारलं, "हें तुज कधीं कळलें?"

मी खोटं बोलू शकले असते. "गिअरबॉक्स उतरवला त्या दिवशी."

"ती गाडी तेव्हां इथेंच होती."

"हो."

"जॅकवर होती."

"हो, काका."

"अन् तू सांगटली नाहींस."

हा प्रश्न नव्हता. त्यांनी शेडच्या कोपऱ्यातल्या नळावर हात धुतले, साबण लावून, बराच वेळ. परत आले ते वही घेऊन. कुठल्या गाडीचं काय काम केलं ते त्यात लिहिलेलं असे. म्हणाले, "मज कधींपासून कळेनासें झालें, तें मज माहीत नाहीं. एक वर्ष धरूं. ह्यांतल्या सगळ्यांस फोन लाव. मी बोलतों."

मी नंबर लावत गेले आणि ते बोलत गेले. प्रत्येकाला एकच वाक्य, तमिळमध्ये: गाडी बाहेर काढू नका, माझ्या कामात चूक असू शकते, दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या किंवा इकडे आणा. काहींनी शिव्या दिल्या. एकाने विचारलं, राव सार, तब्येत बरी आहे ना? तेव्हा मात्र त्यांनी फोन माझ्याकडे दिला.

एकेचाळीस गाड्या होत्या. पुढचे चार दिवस मी रजा घेतली. सव्वीस गाड्या शेडवर आल्या, मी एकेक बोल्ट तपासला, काका शेजारी उभे राहून कुठे काय उघडलं होतं ते सांगत. हात लावत नव्हते. नऊ गाड्यांत काही ना काही सैल निघालं. एकीत दोन्ही मागच्या चाकांचे नट. ती शाळेची मुलं नेणारी व्हॅन होती. ती तपासून झाल्यावर काका शेडच्या मागे गेले. परत आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. आम्ही पुढची गाडी घेतली.

पोलिसांना त्यांनी सगळं स्वतःच सांगितलं. वकील नको म्हणत होते, काकूंच्या भावाने जबरदस्तीने दिला. निष्काळजीपणाने मृत्यूला कारण झाल्याचा गुन्हा नोंदला गेला, जामीन मिळाला. शेडचं शटर खाली आलं ते आजपर्यंत.

मीही जबाब द्यायला गेले. गंधार म्हणाला, "कशाला? तुझं नाव कुणी घेतलेलं नाही. काकांनीसुद्धा नाही." मी म्हटलं, "म्हणूनच." तो दारापर्यंत आला आणि तिथेच थांबला. चौकीतल्या उपनिरीक्षक बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं, मधूनमधून लिहून घेतलं, आणि शेवटी पेन खाली ठेवून म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही डॉक्टर नाही, त्यांच्या मालक नाही. तुम्हाला शंका आली होती. शंका येऊन गप्प बसल्याबद्दल मी कुठलं कलम लावू?" त्यांनी कागद पुढे केला. मी सही केली. बाहेर आले तेव्हा एक वाजला होता आणि मला भूक लागली होती. त्याची मला लाज वाटली.

प्रमोदिनीकाकूंकडे मी दोनदा गेले. पहिल्यांदा दार उघडलं नाही. दुसऱ्यांदा उघडलं, पण त्या उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. "त्या रविवारीं तू माझ्या पानावर जेवलीस," त्या म्हणाल्या. "मी तुज विचारलें, अजून भात वाढूं? तू हो म्हटलीस." एवढंच. मग दार लावून घेतलं. आवाज न करता.

कृष्णकांतराव दीड महिन्यांनी दवाखान्यातून घरी आले. मी फोन करून येऊ का विचारलं. ते हो म्हणाले, रावांना मात्र भेटणार नाही म्हणाले. काका तरी बरोबर आले. मांबलम स्टेशनवरून आम्ही निघालो, बदलून आवडीला उतरलो. ते प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसले. "तू जाऊन ये. मी इथें आहें."

कृष्णकांतराव पलंगावर उशीला टेकून बसले होते. दाढी वाढलेली. घर नीटनेटकं होतं, कुणीतरी पगारी बाई येत असावी. भिंतीवर अलकनंदाकाकूंचा फोटो, नवा, हार अजून ताजा. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. त्या दिवशी मला काय कळलं होतं, मी का बोलले नाही, आणि ती कारणं किती छोटी होती. माफी मागितली नाही. तो शब्द तिथे काढण्याची माझी हिंमत झाली नाही.

ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "बस."

मी बसले.

"तुला यातलं कळतं, म्हणून विचारतो," ते म्हणाले. "आदल्या आठवड्यात अलका दोनदा म्हणाली, ब्रेक दाबला की पुढून कटकट आवाज येतो, पाय थरथरतात. मी म्हटलं, रस्ता खराब आहे. तीस वर्षं मी रणगाड्यांची चाकं जोडली, आणि तिला म्हटलं रस्ता खराब आहे." त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला, प्यायले नाहीत. "ती थरथर त्या बोल्टचीच होती का?"

मी म्हटलं, "तुम्ही आत्ता बरे व्हा, काका. हे नंतर…"

"तू आत्ता काय सांगितलंस मला?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "गप्प बसले, म्हणालीस. मग आता बोल."

"हो," मी म्हटलं. "त्याचीच असणार. एक बोल्ट तेव्हाच पडलेला असावा."

"चाक काढून बघितलं असतं तर दिसलं असतं?"

"दिसलं असतं."

"किती वेळ लागला असता?"

"पंधरा मिनिटं."

त्यांनी डोळे मिटले. मान हलवली, हिशेब जुळल्यावर हलवतात तशी. स्वयंपाकघरात नळ थेंब थेंब गळत होता. मी उठून तो बंद करावा का, असा विचार करत राहिले आणि उठले नाही.

"मला माहीत होतं," ते शेवटी म्हणाले. "कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. मुलगा म्हणतो, बाबा, तुमचा काय दोष. सगळे तेच म्हणतात." मग भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "आता तू जा. परत येऊ नकोस."

मी जिना उतरले. स्टेशनवर काका होते तिथेच बसले होते, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून. समोर सेंट्रलला जाणारी लोकल उभी होती. मी शेजारी बसले. ती सुटली.

"काय म्हणाला?" त्यांनी विचारलं.

क्षणभर वाटलं, थोडंसंच सांगावं. ते दमलेले दिसत होते, दुपारपासून काही खाल्लेलं नव्हतं. मग मी त्यांना अलकनंदाकाकूंनी दोनदा काय सांगितलं होतं ते सांगितलं, पंधरा मिनिटांचं सांगितलं, परत येऊ नकोस म्हणाले तेही सांगितलं. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. माझं सांगून होईतो दुसरी गाडी येऊन गेली होती.

"म्हणजे ओझें त्याच्यावरही गेलें," ते म्हणाले. "थोडें."

"हो."

"आपलें हलकें करून घ्यायला आपण आलों नव्हतों." ते उठायला लागले. पाय कुठे टेकतोय ते त्यांना बघूनच ठरवावं लागत होतं. मी दंड धरला. तिसरी गाडी आली, आम्ही चढलो आणि समोरासमोरच्या जागांवर बसलो.